पाचर, ठिगळ आणि पाबळची शाळा

पुणे–अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा मागे पडले की सणसवाडी लागते. आज हे गाव कारखान्यांसाठी ओळखले जाते. परंतु शिरूर तालुक्यातील यंत्रविद्येचा इतिहास कारखान्यांच्या आगमनापासून सुरू होतो, हे मत आम्हांस मान्य नाही. मोडलेली वस्तू हाताशी असेल त्या सामानातून पुन्हा चालती करण्याची कला इथल्या गावांत त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. ‘जुगाड’ हा शब्द हिंदीतून मराठीत अलीकडे रुळला. आपले वाडवडील त्याला साधेपणाने ‘युक्ती’ किंवा ‘डागडुजी’ म्हणत.

बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घेऊ. चाकावरील लोखंडी धाव लोहार मुद्दाम लाकडी घेरापेक्षा किंचित लहान करीत असे. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की प्रसरण पावून घेरावर बसे आणि वरून पाणी ओतताच आकसून आरे व घेर घट्ट आवळून धरी. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली तर शेतकरी लोहाराची वाट पाहत बसत नसे. तो चाक रात्रभर नदीच्या पाण्यात ठेवी किंवा फटीत बाभळीची पाचर ठोकी. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि पाण्याने लाकूड फुगते, हे दोन्ही नियम त्याच्या हातांना ठाऊक होते.

पुढे विहिरीवरची मोट गेली, तेलाचे इंजिन आणि विजेचा पंप आला, युक्त्याही बदलल्या. शोषनळीच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व्ह गळू लागला की नळीतील पाणी उतरते, आत हवा शिरते आणि पंप पाणी खेचेनासा होतो. अशा वेळी शेतकरी शेणाचा काला पंपात ओततो. शेणातील तंतू बारीक फटींत अडकतात, गळती थोडी थांबते आणि त्या दिवसाचे भरणे पार पडते. फाटलेल्या नळीला जुन्या ट्यूबची पट्टी आवळली जाते. मोटारीचा जुना आस आणि टायर लावून बैलांची टायरगाडी तयार होते.

या कौशल्याचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तांब्याची तार घालणे हीदेखील एक युक्तीच आहे. पण फ्यूजची तार बारीक असते ती स्वतः वितळून मोटार आणि माणूस यांना वाचवावे म्हणून. हे कारण ज्याला कळले नाही, त्याची युक्ती एखाद्या दिवशी जिवावर बेतते. हातचलाखी आणि विद्या यांत अंतर आहे ते एवढेच, आणि ते फार मोठे आहे.

हे अंतर आपल्या समाजरचनेने वाढविले. बलुतेदारीत लोहार, सुतार व चर्मकार गावाची अवजारे नीट करीत आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्यांच्या हाती कसब होते, परंतु अक्षर नव्हते. ज्यांच्या हाती अक्षर होते ते हत्याराला हात लावणे कमीपणाचे मानीत. कसब जातीत कोंडले गेले आणि पुस्तक कामापासून तुटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा अंतर्भाव व्हावा, असे सुचविले होते. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. तरीही सर्वसामान्य शाळेत काम आणि धडा हे वेगळेच राहिले.

हा दुरावा मिटविण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न शिरूर तालुक्यातच झाला, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. शिक्रापूरहून जाणाऱ्या रस्त्यावर पाबळ हे अवर्षणप्रवण गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांनाही तेथे प्रवेश होता. वेल्डिंग, बांधकाम, विजेची कामे, शेती व पशुपालन, घर व आरोग्य ही कामे गावाच्या गरजेसाठी करायची आणि करता करता त्यामागचे शास्त्र शिकायचे, अशी तेथील रीत. जमिनीत विद्युतप्रवाह सोडून तिचा रोध मोजायचा व त्यावरून विहिरीची जागा सुचवायची, हे कामही विद्यार्थी शिकले.

वापरलेल्या जीपचे भाग जोडून तेथे ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर तयार झाला. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून ‘पाबळ घुमट’ उभा राहिला. चौकोन दाबला तर तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. या साध्या तत्त्वावर ते घर उभे राहते आणि त्याचे सुटे भाग गावच्या कार्यशाळेतही बनविता येतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींनी हजारो जीव घेतले; त्यानंतर लातूर भागात असे घुमट बांधले गेले. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने पाबळला फॅब लॅब आली. तशा प्रयोगशाळा पुढे जगभर पसरल्या; पाबळची ही त्यांतील अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक. जुन्या जीपच्या सांगाड्यापासून संगणकावर चालणाऱ्या कर्तनयंत्रापर्यंतचा हा प्रवास एकाच अंगणात झाला. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांनी लावलेली रीत मात्र टिकून आहे.

आज गावोगावची मुले कारखान्यांत कामास जातात. यंत्राचे बटण दाबण्यास ती शिकतात. यंत्र उघडून पाहण्याचा प्रसंग त्यांतील अनेकांच्या वाट्यास येत नाही. घरातही बंद पडलेली वस्तू टाकून नवी आणण्याकडे कल वाढला आहे. त्यामुळे खर्च वाढतो, ही त्यातील लहान हानी. आपल्या भोवतीच्या वस्तू आपल्याला समजू शकतात, हा विश्वासच मुलांच्या मनातून जातो, ही मोठी हानी होय. तो विश्वास पुन्हा रुजविण्यास पाबळइतकी मोठी संस्था प्रत्येक गावी लागत नाही. सुटीच्या दिवशी घरातील कुणी जाणत्याने मुलामुलींच्या हाती पाना द्यावा, सायकलचे चाक खोलू द्यावे, गळका नळ त्यांच्याकडून नीट करून घ्यावा. आणि काम झाल्यावर ‘कसे केलेस?’ याबरोबरच ‘तसे का केलेस?’ हेही आवर्जून विचारावे.