मोती तलावाचा गाळ आणि डेबियनचे मुतवल्ली

जालना शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आहे. तो जमशेद खानाने बांधला. शहरातली मशीद आणि सराय हीदेखील त्याचीच कामे. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले होते आणि वाटेत हौद बांधले होते. त्यातला एक हौद सरायच्या चौकात होता. जुन्या गॅझेटियरमध्ये हे वर्णन सापडते आणि त्याच्या शेवटी एक छोटी नोंदही सापडते, की ही पाणीव्यवस्था आता बिघडली असून बरेच नळ तुंबले आहेत.

इतिहासात बांधणाऱ्याचे नाव राहते. नळ साफ करणाऱ्यांची नावे कुठेच नसतात. ते कामावर येईनासे झाले की मगच त्यांची आठवण होते, तीही "नळ तुंबले" अशा दोन शब्दांत. वर्गात स्थानिक इतिहास शिकवताना ही गोष्ट मला नेहमी खटकते. म्हणून आज एका अशा बांधकामाचा इतिहास लिहितो आहे, ज्यात बांधणारा एक आणि गाळ काढणारे हजारो आहेत. हे बांधकाम दगडविटांचे नाही. ते संगणकात चालते आणि त्याचे नाव आहे डेबियन.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालवणारी सगळी प्रणाली कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता यावी, हा त्यामागचा हेतू. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला. पण गाभा म्हणजे काही वापरायला तयार संगणक नव्हे. गहू, तेल, मीठ, सरपण वेगवेगळ्या दुकानांत आहे म्हणून जेवण तयार होत नाही. हजारो सुटे प्रोग्राम गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे, तपासायचे आणि सामान्य माणसाला एका तबकडीवर द्यायचे, हे काम कुणीतरी करावे लागते. अशा जुळवलेल्या संचाला लिनक्सचे वितरण म्हणतात.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या विशीतल्या विद्यार्थ्याने असे एक वितरण सुरू करत असल्याचे जाहीर केले. तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. तोवरची काही वितरणे एकेका माणसाने घाईघाईत बांधलेली होती आणि त्यांत चुका राहात. मर्डॉकचे म्हणणे असे की हे काम उघड्यावर, सगळ्यांनी मिळून आणि जबाबदारी वाटून घेऊन करावे. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांच्या सुरुवातीचे तुकडे जोडून 'डेबियन' हे नाव झाले. १९९६ मध्ये मर्डॉक प्रमुखपदावरून बाजूला झाला. २०१५ मध्ये तो वारला. डेबियन चालूच आहे.

ते चालू कसे राहिले, हाच या लेखाचा प्रश्न आहे. डेबियनमागे कंपनी नाही. १९९७ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी एक 'सामाजिक करार' मंजूर केला. त्यात त्यांनी वापरणाऱ्यांना वचने दिली आहेत: डेबियन पूर्णपणे मुक्त राहील, आम्ही केलेल्या सुधारणा मूळ कर्त्यांना परत देऊ, आमच्यातले दोष लपवणार नाही, वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना प्राधान्य देऊ. पुढच्या वर्षी घटना आली. प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि त्याला हुकूम सोडण्याचा अधिकार जवळजवळ नसतो. प्रत्येक प्रोग्रामची गठडी, म्हणजे पॅकेज, कुणा ना कुणा स्वयंसेवकाच्या किंवा गटाच्या नावावर असते. त्याला मेंटेनर म्हणतात. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ओळखीचे वाटले. आपल्याकडे याला वक्फ म्हणतात.

हजरत उमर यांना खैबर इथे उत्तम जमीन मिळाली तेव्हा तिचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरांना (स.) विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाल्याची रिवायत आहे. ती जमीन विकायची नाही, वारसाहक्काने वाटायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही. वक्फची कल्पना इथून वाढली. जो तिची देखभाल करतो तो मुतवल्ली. तो मालक नसतो. त्याच्या हातात अमानत असते.

ग्नू प्रकल्पाचा जीपीएल हा परवाना १९८९ मध्ये आला आणि लिनक्सचा गाभाही त्याच परवान्याखाली आहे. त्याचे तत्त्व असे: प्रोग्राम घ्या, वापरा, बदला, हवे तर पैसे घेऊनही द्या, पण पुढच्या माणसाला देताना त्याचे मूळ लिखाण आणि हेच सगळे हक्कही द्या. मधल्या कुणालाही दार बंद करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा वक्फ नव्हे. लेखकाचा स्वामित्वहक्क इथे कायम असतो आणि त्याच हक्काच्या जोरावर ही अट घातली जाते. पण परिणाम जवळचा आहे. मूळ सुरक्षित आणि फळ सर्वांचे. एक फरक मात्र आपल्या फायद्याचा आहे. जमिनीचा तुकडा एकाने बळकावला तर दुसऱ्याला मिळत नाही. प्रोग्रामची प्रत लाख जणांनी घेतली तरी मूळ तसूभरही कमी होत नाही.

मग अडचण कुठे आहे? मराठवाड्यातल्या माणसाला ती वेगळी सांगायला नको. वक्फनामा कितीही चांगला असला तरी मुतवल्ली झोपला तर काय होते, हे आपण गावोगावी पाहतो. औरंगाबादच्या पाणचक्कीत कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात राहणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. नळ कुणीतरी राखले म्हणून चक्की फिरली.

सॉफ्टवेअरलाही गाळ साचतो. प्रोग्राम स्वतः गंजत नाही, पण त्याच्या भोवतीचे जग बदलते. नवे यंत्र येते, नवा धोका सापडतो, ज्याच्या आधारावर तो उभा होता तो दुसरा प्रोग्राम बदलतो. वर्षभर हात लावला नाही तर चांगले पॅकेजही निकामी होऊ शकते. डेबियनमध्ये मेंटेनर काम सोडतो तेव्हा त्या पॅकेजची 'अनाथ' म्हणून नोंद होते आणि दुसरा कुणी ते 'दत्तक' घेतो. हे माझे शब्द नाहीत, तिथली रोजची परिभाषाच तशी आहे. अनाथांची यादी जाहीर असते. कुणीच पुढे आले नाही तर अखेरीस पॅकेज काढून टाकले जाते. यतीमाची यादी दारावर लावणारी संस्था मला प्रामाणिक वाटते.

चुकाही झाल्या, आणि मोठ्या झाल्या. २००६ मध्ये डेबियनच्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या सुरक्षेच्या प्रोग्राममधल्या ओळी तपासणीत इशारा येतो म्हणून बंद केल्या. परिणाम असा झाला की गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. ज्या किल्ल्यांची संख्या मोजण्यापलीकडची असायला हवी, त्या एकेका प्रकारात ३२,७६८ एवढ्याच शक्यतांमध्ये अडकल्या. दोन वर्षे हे कुणाच्या लक्षात आले नाही. मे २००८ मध्ये डेबियनच्याच एका सदस्याला दोष सापडला आणि प्रकल्पाने तो जगासमोर मांडला. दोष लपवणार नाही, या वचनाची ती परीक्षा होती.

दुसरी घटना २०२४ ची. एक्सझेड नावाचा फाइली आवळणारा छोटा प्रोग्राम जवळजवळ सगळ्या वितरणांत असतो. तो वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. "काम हळू चालले आहे, दुसऱ्याला द्या," असा तगादा त्याच्यामागे लावला गेला. मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी कट उघड झाला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचला नव्हता. लिखाण सर्वांसाठी उघडे होते म्हणून चोरी पकडली गेली. पण पहारेकरी एकटा होता म्हणूनच ती शक्य झाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कंपनी असती तर हे टळले असते का? फ्रान्सचे उदाहरण पाहा. तिथे १९९८ मध्ये मँड्रेक हे सोपे, देखणे वितरण निघाले. पुढे त्या कंपनीचे नाव मँड्रिवा झाले. २०१० मध्ये कंपनी आर्थिक संकटात आली आणि वितरणावर काम करणाऱ्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सप्टेंबरमध्ये काही माजी कर्मचारी आणि स्वयंसेवक एकत्र आले आणि त्यांनी तेच काम 'माजिया' या नावाने पुढे चालवायचे ठरवले. फ्रेंच कायद्याखाली ना-नफा संस्था नोंदवली. १ जून २०११ रोजी पहिली आवृत्ती निघाली. २०१५ मध्ये मँड्रिवा कंपनी बंद झाली. माजियाची नववी आवृत्ती २०२३ मध्ये आली. वेग मात्र मंद. पाचवी २०१५ ला, सहावी २०१७ ला. पगारी माणसे नसली की असेच होते. डेबियनलाही २००२ नंतरची पुढची आवृत्ती काढायला जवळजवळ तीन वर्षे लागली होती.

आता आपल्याकडे येऊ. २००० च्या आसपास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांच्या पुढाकाराने इंडलिनक्स हा गट सुरू झाला. पुढे जी. करुणाकर यांनी त्याचे काम नेटाने सांभाळले. भारतीय भाषांत संगणक चालावा, ही त्यांची खटपट. त्यांनी हिंदी पडद्याचे 'मिलन' नावाचे वितरणही काढले. मुंबईतच एनसीएसटी या सरकारी संस्थेत इंडिक्स प्रकल्पातून लिनक्समध्ये भारतीय लिप्या उमटवण्याचे काम चालले होते. मराठीसाठीही स्वयंसेवकांनी मेनूमधल्या हजारो वाक्यांचे भाषांतर केले.

ही कामे किती बारीक होती, हे भाषेच्या शिक्षकाला लगेच कळेल. 'वाऱ्यावर' आणि 'तऱ्हा' या शब्दांतला अर्धा र हिंदीला लागत नाही. त्यामुळे हिंदीचे नियम उचलून मराठीला लावले की शब्द मोडतो. उर्दूची अडचण आणखी वेगळी. नस्तालीकमध्ये अक्षर शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरतो. जुन्या बंद प्रणालींत बनवलेल्या प्रश्नपत्रिका आज उघडल्या की ओळीच्या ओळी अगम्य चिन्हांच्या दिसतात, हा अनुभव मराठी आणि उर्दू दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी घेतला आहे. मी त्यातलाच एक. मजकूर माझा, चावी दुसऱ्याकडे.

'मिलन' आज कुणी वापरत नाही. मग ती धडपड वाया गेली का? नाही. त्या लोकांनी केलेली भाषांतरे आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पांना परत दिल्या जात होत्या आणि तिथून त्या सगळ्या वितरणांत पोहोचल्या. आज डेबियन संगणकावर बसवताना भाषांच्या यादीत मराठी दिसते. वेगळा तलाव राहिला नाही, पण पाणी मोठ्या कालव्यात गेले. सरकारी सी-डॅकने २००७ मध्ये काढलेले बॉस हे वितरणही डेबियनवरच उभे आहे. केरळने तर शाळांमध्ये मुक्त प्रणाली आणली आणि शिक्षकांनाच तिचे प्रशिक्षक केले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे जागतिक संमेलन केरळातल्याच कोचीत भरले, हा योगायोग वाटत नाही.

आपण बांधण्याचे कौतुक फार करतो. मदरशाची कोनशिला, वाचनालयाचे उद्घाटन, प्रयोगशाळेची फीत. सदका-ए-जारिया म्हटले की डोळ्यांसमोर इमारत येते. पण 'जारिया' म्हणजे वाहते राहणारे, आणि पाणी वाहते ठेवायला दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो. डेबियनने तीस वर्षांत हेच केले. काम लहान तुकड्यांत वाटले, प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिले, सोडून जाणाऱ्याला दोष न देता जागा रिकामी झाल्याचे जाहीर केले आणि नेता दरवर्षी लोकांकडून निवडून घेतला. आपल्या मशिदीच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या किती कमिट्यांत या चार गोष्टी होतात?

मोती तलाव बांधायला जमशेद खान लागला. तो तुंबायला कुणीच लागले नाही, फक्त माणसे येईनाशी झाली. आमच्या आठवी-नववीच्या मुलांपैकी कुणी उद्या उर्दू किंवा मराठीतली पन्नास वाक्ये तपासून दुरुस्त केली, तर त्याचे नाव गॅझेटियरमध्ये येणार नाही. पण जालन्यात बसून केलेली ती दुरुस्ती परभणीच्याच काय, पॅरिसच्या संगणकावरही दिसेल. एवढे काम आपल्या हातात आहे.