धूरनळी, स्वयंपाकघरातील
शेगडीवरील विजेच्या चिमणीने ओढलेला धूर, वाफ व तेलकट कण घराबाहेर सोडणारी नळी. शेगडी बाहेरच्या भिंतीलगत असल्यास भिंतीतून आडवी नळी काढणे सर्वांत सोयीचे. बैठ्या घरात ती छतातूनही नेता येते. मार्ग आखूड व सरळ असावा, कारण प्रत्येक वळण हवेचा प्रवाह मंदावते. भारतात बहुधा १५० मिमी. व्यासाची नळी वापरतात; ती मध्येच अरुंद करू नये. लवचिक ॲल्युमिनियम नळीच्या वळ्यांत तेल साचते, म्हणून गुळगुळीत धातूची कडक नळी श्रेयस्कर. बाहेरच्या तोंडाला पाऊस अडवणारे व एकाच दिशेने उघडणारे झाकण बसवावे. नळी पोटमाळ्यात सोडू नये. तेथे साचणारे तेल आगीस कारण ठरू शकते. बाहेरची हवा आत येण्यासाठी खिडकी किंचित उघडी ठेवावी.