बारोमास (कादंबरी)

'बारोमास' ही सदानंद देशमुख यांची मराठी कादंबरी असून ती २००२ साली प्रसिद्ध झाली. तिला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखकाचा जन्म १९५९ साली बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर येथे झाला. कादंबरीतील कोरडवाहू शेती, माणसे व बोली याच परिसराशी नाते सांगतात. 'बारोमास' म्हणजे बाराही महिने. शेतकऱ्याची ओढाताण हंगामापुरती नसते, असे हे शीर्षक सुचवते.

नायकाची जडणघडण

एकनाथ हा शेतकरी कुटुंबातील तरुण एम.ए., बी.एड. झालेला आहे. शिकल्यावर नोकरी लागेल आणि नोकरीने घर सावरेल, या भरवशावर त्याचे शिक्षण झालेले असते. प्रत्यक्षात शिक्षकाची जागा गुणवत्तेवर मिळत नाही. तिच्यासाठी संस्थाचालकांना पैसे मोजावे लागतात. कोरडवाहू शेतकऱ्याकडे एवढी रक्कम उभी करण्यासाठी जमिनीखेरीज काय असणार? जी जमीन राखण्यासाठी नोकरी हवी, तीच नोकरीपायी गमवावी लागेल, हा पेच एकनाथला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेला नसतो.

पुढचे धडे घरातच मिळतात. पत्नी अलका हिने सुशिक्षित नवऱ्याबरोबरच्या संसाराची जी कल्पना केलेली असते, ती खेड्यातील ओढग्रस्तीत टिकत नाही, आणि ती घर सोडते. तिला केवळ दोषी ठरवून वाचन पुढे नेणे सोपे आहे, परंतु ते अपुरे ठरते; एकनाथप्रमाणेच तिचीही शिक्षणाने दाखवलेल्या आशेवर फसगत झालेली आहे. वडील सुभानराव आणि धाकटा भाऊ मधू यांच्याशी एकनाथचे संबंधही याच ताणाखाली येतात. घरातील प्रत्येकाचे म्हणणे त्याला समजते, पण कोणाचेही समाधान करणे त्याच्या हाती नसते. पदवीमुळे तो शेतापासून थोडा दूर गेलेला आणि नोकरीअभावी शहराला परका राहिलेला आहे.

नायकाच्या घडणीची कादंबरी हा प्रकार युरोपात गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) रूढ मानला जातो. त्यात तरुण घर सोडतो, जग पाहतो आणि अखेरीस समाजात आपली जागा शोधतो. मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि पदरी अपयश घेऊन परततो. मात्र परतायला त्याला घर व वडिलांची शेती असते. एकनाथच्या वाट्याला तो आधारही पुरता उरलेला नाही. 'बारोमास' रूढ अर्थाने कुमारवयाची कथा नव्हे, कारण नायक विवाहित व प्रौढ आहे. तरीही तिला या परंपरेत ठेवून वाचता येते, किंबहुना तसे वाचल्यास शेतकऱ्याच्या मुलाचे मोठे होणे कोठे अडते हे अधिक स्पष्ट दिसते.

भाषा

संवादांत वऱ्हाडी बोलीचा वापर आहे. बाहेरच्या वाचकाला आरंभी काही शब्द अडतात, परंतु पेरणी, पाऊस, कर्ज यांविषयीचे बोलणे प्रमाण मराठीत आणले असते तर त्यातला कडवटपणा हरवला असता.

इतर

पाणीटंचाईवरील 'तहान' ही देशमुख यांची आणखी एक उल्लेखनीय कादंबरी आहे. 'बारोमास'वर धीरज मेश्राम यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला.