डर्टी हॅरी, मिरांडा आणि आपल्या टाळ्या

कॉलेजात असताना वसतिगृहातल्या टीव्हीवर मी ‘डर्टी हॅरी’ पहिल्यांदा पाहिला. जखमी गुन्हेगाराच्या पायावर इन्स्पेक्टर हॅरी कॅलाहन बूट रोवून उभा राहतो, त्या प्रसंगाला खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आता वर्गात आरोपीच्या हक्कांचा धडा आला की त्या टाळ्या आठवतात.

डॉन सीगल यांचा हा चित्रपट डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. हॅरीच्या भूमिकेत क्लिंट ईस्टवूड, शहर सॅन फ्रान्सिस्को. त्याच परिसरात दोन-तीन वर्षांपूर्वी ‘झोडियाक’ नाव घेणाऱ्या खुन्याने दहशत माजवली होती. तो वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा. शाळेच्या बसवर हल्ला करण्याची धमकीही त्याने दिली होती. तो कधीच सापडला नाही. चित्रपटातला ‘स्कॉर्पिओ’ हा त्याच्यावरूनच बेतलेला.

स्कॉर्पिओ चौदा वर्षांच्या मुलीला पळवून जमिनीखाली कोंडतो. हॅरी वॉरंट नसताना त्याच्या खोलीत घुसतो आणि केझर स्टेडियमच्या मैदानात त्याला गोळी घालतो. तो वकील मागतो, तर हॅरी त्याच्या जखमेवर पाय देऊन मुलीचा ठावठिकाणा विचारतो. कॅमेरा मागे मागे जातो आणि मैदान धुक्यात दिसेनासं होतं. मुलगी मेलेलीच सापडते. मग सरकारी वकील हॅरीला मिरांडा आणि एस्कोबेडो खटल्यांचे निकाल ऐकवतो. झडती बेकायदा, जबाब छळ करून घेतलेला, म्हणून पुरावा बाद. स्कॉर्पिओ सुटतो आणि पुढे मुलांनी भरलेली शाळेची बस ताब्यात घेतो. प्रेक्षकाने काय समजायचं ते स्पष्ट आहे: कायदाच गुन्हेगाराचा कैवारी झाला.

पण हा मिरांडा कोण होता? अर्नेस्टो मिरांडा हा ॲरिझोनातल्या फिनिक्सचा गरीब, जेमतेम शिकलेला माणूस. मार्च १९६३ मध्ये एका तरुणीच्या अपहरण आणि बलात्काराच्या आरोपाखाली पोलिसांनी त्याला पकडलं. दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाबावर सही केली. गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. तेव्हापासून तिथले पोलीस चौकशीआधी आरोपीला त्याचे हक्क सांगतात.

चित्रपट इथेच थांबतो. इतिहास पुढे जातो. मिरांडा मोकाट सुटला नाही. १९६७ मध्ये त्याच्यावर पुन्हा खटला चालला, तो कबुलीजबाब बाजूला ठेवून. दुसऱ्या पुराव्यावर, साक्षीवर, तो पुन्हा दोषी ठरला. म्हणजे मिरांडाच्या नावाने गुन्हेगार सुटतात असं पडद्यावर पाहून १९७१ साली अमेरिकन प्रेक्षक संतापत होते, तेव्हा खुद्द मिरांडा तुरुंगात होता! पॅरोलवर तो १९७२ मध्ये सुटला आणि १९७६ मध्ये फिनिक्सच्या एका बारमधल्या भांडणात भोसकला गेला. संशयिताला पोलिसांनी आधी त्याचे हक्क वाचून दाखवले. मिरांडाच्या खटल्यातून आलेले तेच हक्क.

मग आम्ही टाळ्या का वाजवल्या? कारण आम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं. पहिल्याच प्रसंगात स्कॉर्पिओ छतावरून बंदूक रोखून एका स्त्रीला मारताना आम्ही पाहिला होता. संशयाला जागाच नव्हती. पोलीस ठाण्यातल्या खोलीत असा कॅमेरा नसतो. तिथे असते फक्त पोलिसाची खात्री. आणि खात्री चुकू शकते.

ती किती चुकते हे शिकागोने पाहिलं. हॅरी पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षापासून, १९७२ पासून, जॉन बर्ज तिथे डिटेक्टिव्ह होता. पुढे तो कमांडर झाला. त्याच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोलिसांच्या कोठडीत शंभराहून अधिक लोकांचा, बहुतेक कृष्णवर्णीयांचा, छळ झाला. विजेचे झटके, तोंडावर प्लास्टिकचं आवरण, आणि शेवटी कबुलीजबाब. त्यांपैकी फाशीची शिक्षा झालेल्या चौघांना इलिनॉयच्या गव्हर्नरने जानेवारी २००३ मध्ये निर्दोष म्हणून माफी दिली. छळाच्या गुन्ह्यांची कायदेशीर मुदत टळलेली होती. त्यामुळे २०१० मध्ये बर्ज दोषी ठरला तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यातच पोलिसांपुढचा कबुलीजबाब अग्राह्य होता. इंग्रजांनाही आपल्या पोलिसांची रीत माहीत होती. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्याने मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरला. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मोक्काखाली मुस्लिम तरुण पकडले गेले आणि त्यांचे कबुलीजबाब पुढे आले. सुमारे पाच वर्षं तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर दहा वर्षं गेली होती. त्यांना पकडलं तेव्हाही ‘खात्री’ होतीच, आणि टाळ्या वाजवणारेही होते.

आपल्या माणसाला पकडलं की आपल्याला वकील आठवतो, आणि दुसऱ्याला पकडलं की एन्काउंटर. ही खोड आपल्या मोहल्ल्यातही आहे, हे कबूल करायला हवं. इन्साफ मागायचा तर तो स्कॉर्पिओसारख्यासाठीही मागावा लागतो, कारण निरपराध माणसाला वाचवणारा कायदा वेगळा नसतो. तो हाच.

शिकागो शहराने २०१५ मध्ये पीडितांना भरपाई मंजूर केली. त्याच ठरावाने हा इतिहास सरकारी शाळांत आठवीला आणि दहावीला शिकवायचं ठरवलं. मास्तर म्हणून मला ही भरपाई पैशांपेक्षा मोठी वाटते. पुढच्या वेळी धड्यात आरोपीचे हक्क आले की मी मुलांना हॅरीची गोष्ट सांगणार आहे, पण मिरांडाच्या शेवटासकट.