महिला तायक्वांदोचा ४९ किलो वजनगट : नियम काय, पदके कुणाची आणि भारत कुठे?

ऑलिम्पिकमधील महिला तायक्वांदोचा सर्वांत हलका वजनगट म्हणजे ४९ किलो. २००० साली सिडनीत तायक्वांदो अधिकृत पदकाचा खेळ झाला, तेव्हापासून हा गट प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये आहे.

वजनगट किती असतात?

ऑलिम्पिकमध्ये महिलांचे चारच गट आहेत : ४९, ५७, ६७ आणि ६७ किलोंच्या वर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र आठ गट असतात. म्हणजे जागतिक स्पर्धेत ४६ किलो किंवा ५३ किलो गटात खेळणाऱ्या मुलीला ऑलिम्पिकसाठी वजन वाढवावे किंवा घटवावे लागते. ४९ किलो गटात यामुळेच मोठी चुरस असते.

वजन कधी होते?

लढतीच्या आदल्या दिवशी. पहिल्यांदा वजन जास्त भरले, तर ठरलेल्या वेळेत आणखी एक संधी मिळते. लढतीच्या दिवशी सकाळी काही खेळाडूंची नावे चिठ्ठीसारखी काढून त्यांचे पुन्हा वजन घेतात. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत जास्त चालते. ४९ किलोसाठी ही सवलत सुमारे अडीच किलोंची होते.

कुस्तीत अशी सवलत नाही. पॅरिस २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती स्पर्धेतूनच बाद झाली. दोन्ही खेळ वजनगटाचे असले तरी नियम वेगळे आहेत, हे समाजमाध्यमांवरच्या चर्चेत अनेकदा विसरले जाते.

गुण कसे मिळतात?

छाती-पोटावरच्या संरक्षक कवचावर ठोसा बसला तर १ गुण, लाथ बसली तर २. डोक्यावर लाथ बसली तर ३. गिरकी घेऊन मारलेली लाथ कवचावर बसली तर ४ आणि डोक्यावर बसली तर ५. डोक्यावर ठोसा मारायला मनाई आहे. चूक केली, उदाहरणार्थ मॅटबाहेर गेले किंवा पडले, तर प्रतिस्पर्ध्याला १ गुण मिळतो. कवचात आणि हेल्मेटमध्ये सेन्सर असतात, त्यामुळे लाथेचे गुण यंत्रावर नोंदले जातात.

लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. टोकियोपर्यंत तिन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र धरत. आता प्रत्येक फेरीचा निकाल वेगळा लागतो. दोन फेऱ्या जिंकणारी विजयी.

कांस्यपदके दोन दिली जातात. अंतिम फेरीत गेलेल्या खेळाडूकडून आधी हरलेल्यांना ‘रेपेचाज’मधून कांस्यासाठी खेळता येते.

आजवरच्या विजेत्या

२०००: लॉरेन बर्न्स (ऑस्ट्रेलिया)
२००४: चेन शी-सिन (तैवान)
२००८ आणि २०१२: वू जिंग्यू (चीन)
२०१६: किम सो-हुई (दक्षिण कोरिया)
२०२० आणि २०२४: पानिपाक वोंगपट्टनकित (थायलंड)

टोकियोची अंतिम लढत (२४ जुलै २०२१) आजही आवर्जून पाहिली जाते. स्पेनची १७ वर्षांची अ‍ॅड्रियाना सेरेझो १०-९ ने पुढे होती. शेवटच्या काही सेकंदांत पानिपाकची लाथ कवचावर बसली, २ गुण मिळाले आणि निकाल ११-१० लागला. तायक्वांदोतले थायलंडचे हे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. पॅरिसमध्ये तिने चीनच्या ग्वो चिंगला दोन विरुद्ध एक फेरीने हरवले आणि नंतर निवृत्ती घेतली.

थायलंडला हे कसे जमले?

हे यश एका रात्रीत आलेले नाही. याच गटात थायलंडला २००४ मध्ये कांस्य, २००८ मध्ये रौप्य, २०१२ आणि २०१६ मध्ये कांस्य मिळाले होते. म्हणजे सलग सहा ऑलिम्पिकमध्ये एकाच गटात पदक, तेही चार वेगवेगळ्या खेळाडूंकडून. त्यात २०१६ चे कांस्य पानिपाकचेच. या सगळ्या काळात कोरियात जन्मलेले चोई यंग-सोक हेच प्रशिक्षक राहिले. २०२२ मध्ये त्यांना थायलंडचे नागरिकत्व मिळाले.

भारत कुठे आहे?

पॅरिस २०२४ पर्यंत एकही भारतीय खेळाडू ऑलिम्पिक तायक्वांदोत उतरलेला नाही. पॅरालिम्पिकमध्ये मात्र हरियाणाच्या अरुणा तन्वरने टोकियोत ही वाट उघडली. तिचाही गट ४९ किलोंचाच होता.

गावातल्या मुलीने सुरुवात कुठून करावी?

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या गावातून खेळणाऱ्या मुलीसाठी शालेय क्रीडा स्पर्धा हा पहिला मार्ग. आधी रायगड जिल्हा, मग मुंबई विभाग, त्यानंतर राज्य आणि राष्ट्रीय पातळी असा तो जातो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगट असतात आणि त्यांचे वजनगट ऑलिम्पिकपेक्षा वेगळे असतात. म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधी त्या वर्षीचे गट शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून पाहून घ्यावेत.

वाढत्या वयात खालचा गट मिळावा म्हणून उपाशी राहणे, पाणी तोडणे किंवा जाड कपडे घालून घाम काढणे धोक्याचे आहे. चक्कर येणे, पाळी चुकणे, हाडे कमकुवत होणे असे त्रास त्यातून होऊ शकतात. मुलगी रोजचे जेवण नीट जेवून ज्या वजनावर राहते, त्याच गटात तिने खेळावे. वजन वाढले, तर पुढच्या स्पर्धेत वरच्या गटात उतरता येते.