बिघडलेले डबाबंद मासे : विक्रेत्यांवरील खटले

कुजलेले, फुगलेल्या किंवा गळक्या डब्यातले वा मुदत उलटलेले डबाबंद मासे विकणाऱ्यांवर भारतात ‘अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६’ खाली कारवाई होते. ५ ऑगस्ट २०११ पासून या कायद्याने १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेतली. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

बिघाडाचे स्वरूप : बांगडा, कुपा, तारली हे मासे बर्फाविना राहिले की त्यांत हिस्टामीन तयार होते. डबाबंद करतानाच्या उष्णतेनेही ते नष्ट होत नाही. डब्याचा सांधा गळका असल्यास किंवा निर्जंतुकीकरण अपुरे झाल्यास क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष संभवते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९७८ मध्ये अलास्काहून आलेल्या सामन माशाच्या डब्यामुळे चौघांना विषबाधा होऊन दोघे दगावले.

दायित्व : कुजका प्राणिज पदार्थ कायद्याच्या व्याख्येत ‘असुरक्षित अन्न’ ठरतो. कलम २७ नुसार मुदतबाह्य माल विकणे, तो अस्वच्छपणे ठेवणे किंवा उत्पादक-पुरवठादाराचा पत्ता न लागणारा माल विकणे यांसाठी विक्रेता स्वतः जबाबदार असतो. आवश्यक ती सर्व दक्षता घेतल्याचे सिद्ध केल्यास त्याला बचाव मिळतो. माल चांगला असल्याचा गैरसमज होता, एवढे सांगून भागत नाही.

कार्यपद्धती : अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे व दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा अधिस्वीकृत प्रयोगशाळेत तपासला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याविरुद्ध अपील करता येते. असुरक्षित अन्नाच्या खटल्यास अन्न सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष असून लेखी कारणे नोंदवून आयुक्त ती तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात.

शिक्षा : माल केवळ कमी दर्जाचा ठरल्यास न्यायनिर्णय अधिकारी पाच लाख रुपयांपर्यंत दंड करतो. असुरक्षित अन्नामुळे गंभीर इजा झाल्यास कलम ५९ खाली सहा वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड होतो. मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप व किमान दहा लाख दंड. असुरक्षित अन्नाबद्दल तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेखाली समांतर खटला चालवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राम नाथ खटल्यात २०२४ मध्ये दिला.

ग्राहकाचा हक्क : खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगून ग्राहक शुल्क भरून स्वतः नमुना तपासून घेऊ शकतो. माल नियमबाह्य निघाल्यास शुल्क परत मिळते.