आठ तासांची रेघ कंपनीच्या गेटापाशीच का थांबली?

१४ एप्रिल आणि १ मे जवळ आले की आपल्याकडे एक वाक्य हमखास फिरते : बाबासाहेबांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. वाक्याला आधार आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि १९४६ च्या कारखाने कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पण आम्हाला त्यापुढचा प्रश्न विचारायचा आहे. हा हक्क कुणापर्यंत पोहोचला आणि कुणाच्या दारातून परत गेला? पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ज्याच्या दारातून तो परत गेला, तो माणूस रोज रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा असतो. तो म्हणजे ट्रकचा नवा ड्रायव्हर.

हा पट्टा कसा घडला ते आधी पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची वर्कशॉप्स आली. मोठ्या कंपन्यांच्या गेटाच्या आत हजेरीपत्रक, पीएफ, कॅन्टीन आणि युनियन आली. ती कुणी दान दिली नव्हती. १९८९ साली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेले, हा इतिहास याच शहराचा आहे.

पुढे कारखाने चाकणकडे सरकले. २००९ साली तिथे फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला, पाठोपाठ इतरही आले. आता मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग महिनोन्‌महिने साठवत नाहीत, लागतील तसे मागवतात. म्हणजे गोदामच रस्त्यावर आले. माल उशिरा पोहोचला तर कंपनी पुरवठादाराला दंड लावते, तो ट्रान्सपोर्टवाल्याला, ट्रान्सपोर्टवाला गाडीमालकाला आणि गाडीमालक ड्रायव्हरला. तळेगाव चौकात तीन तास कोंडी झाली, यात ड्रायव्हरचा काय दोष? पण दंडाची साखळी त्याच्यापाशी येऊन संपते, कारण त्याच्या खाली कुणीच नाही.

त्यातही नवा ड्रायव्हर सगळ्यात कच्चा दुवा. लायसन नवे, अनुभव नाही, म्हणून मोठे ट्रान्सपोर्टवाले उभे करत नाहीत. मिळेल त्या पहिल्या मालकाकडे तो लागतो. लातूर, नांदेड, परभणीहून आलेली आमच्या वस्त्यांतली पोरे आम्ही अशीच कामाला लागताना पाहतो. सुरुवातीला थोडी उचल मिळते. मग मूळ लायसन मालकाच्या कपाटात जाते. रात्रीची ट्रिप करून आला की सकाळी दुसरी तयार. डिझेलचा ॲव्हरेज कमी आला, कपात. बंपर घासला, कपात. गाडी खाली व्हायला दोन दिवस लागले, तर त्या दोन दिवसांचा भत्ता नाही. ओव्हरलोड भरायला नकार दिला तर शेठचा फोन गावाकडे बापाला जातो, कारण उचलीसाठी जामीन तोच राहिलेला असतो.

हे वाचताना आपल्याला काही आठवते का? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाबाबत विधेयक आणले. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की वतनदार महाराच्या चाकरीला वेळेची मर्यादाच नाही, तो चोवीस तास बांधलेला. तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने राबायचे. आणि मोबदला मात्र तुटपुंजा, तोही दुसऱ्याच्या मर्जीवर. ते विधेयक मागे घ्यावे लागले. वतने गेली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. ड्रायव्हरकी हे जातीने लादलेले काम नाही, हे आम्ही मान्य करतो. तो फरक मोठा आहे. पण वेळेची मर्यादा नसणे, घरच्यांना ओलीस धरणे आणि मोबदला मर्जीवर असणे, ही तिन्ही लक्षणे जशीच्या तशी आहेत. वतन गेले, वेठीची रीत राहिली.

कायदा नव्हता असेही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी ठरवून दिली. मेख एकच होती : पाच किंवा अधिक कामगार असतील तिथेच तो लागू. एक-दोन गाड्यांचा मालक आपोआप बाहेर, आणि नवा ड्रायव्हर लागतो तो बहुधा त्याच्याकडेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने हा कायदा पोटात घेतला आणि पाचाचा उंबरठा दहावर नेला. याला सुधारणा म्हणायचे?

काही जण म्हणतील, लहान मालकही हप्त्यांखाली पिचलेला आहे. खरे आहे. पण त्याचा हप्ता ड्रायव्हरच्या झोपेतून का वसूल व्हावा? भाडे पाडणारी कंपनी वर बसली आहे. जबाबदारी तिच्यापर्यंत न्यायची की खाली ढकलायची, हा राजकीय निर्णय असतो. तो महाराष्ट्राने एकदा घेतला होता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला. मालक बदलता, काम तुटक, तरी मंडळ नेमून मजुरी, पीएफ आणि रजा यांची व्यवस्था झाली. आज त्याच ट्रकमध्ये माल चढवणाऱ्या हमालासाठी कायद्याने मंडळ आहे, ट्रक चालवणाऱ्यासाठी नाही. हमालांसाठी जे जमले ते ड्रायव्हरसाठी का जमू नये?

जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते कलम थांबवावे लागले. ताकद आहे. पण ती शिक्षेच्या भीतीने एकवटली. कामाच्या तासांसाठी अजून एकवटलेली नाही.

तोवर नव्या ड्रायव्हरने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. लायसन तुमच्या नावाचे आहे, ते मालकाकडे गहाण ठेवायची वस्तू नाही. नुकसानीची कपात करण्यापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घेणे वेतन संहितेने बंधनकारक आहे आणि एकूण कपात निम्म्या पगारापुढे जाऊ शकत नाही. ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ नुसार ते मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाले, असे न्यायालय धरू शकते. म्हणून हुकूम फोनवर घेऊ नका, व्हॉट्सॲपवर मागा. ट्रिपची वही ठेवा : निघालो कधी, पोहोचलो कधी, खाली झालो कधी, भत्ता किती मिळाला. राज्यघटनेचे कलम २३ वेठीला बंदी घालते आणि १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाखाली राबवून घेणे हीसुद्धा वेठच ठरवली आहे. हे सिद्ध करायला वही लागते.

पण एकट्याच्या वहीने मालक बदलत नाही. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्याविरुद्ध रोज बोलतो. दुसरा आपल्याच वस्तीतल्या पोराचे लायसन कपाटात घालून बसला आहे, त्याच्याबद्दल मात्र गप्प असतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत आणि चाकणच्या चौकात आपले कार्यकर्ते जयंतीच्या वर्गणीसाठी जातात. यापुढे त्यांनी ड्रायव्हरांची नावनोंदणी करायला, वह्या तपासायला आणि मंडळाची मागणी घेऊनही जावे. आठ तासांची रेघ बाबासाहेबांनी गेटापर्यंत आणली. गेटाबाहेर ती ओढायचे काम आपले आहे.

जय भीम!